ओ देणारी गिटार

त्या दिवशी दोन निरोप आले. पहिला सकाळी, सरावलीच्या रामाकडून: मुंबईहून दोन गिटारी आल्या आहेत, जानूला निवडायला पाठवा. दुसरा दुपारी, तारापूरच्या एका कारखान्यातून. मी पालघरच्या शाळेत नववीच्या वर्गाला चुंबकत्व शिकवत होतो. फळ्यावर तारेचं वेटोळं काढून झालं होतं. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "गुरुजी, जरा बाहेर या." मी खडू खिशात टाकून बाहेर गेलो.

जानू, आमचा एकुलता मुलगा, कारखान्यातली टाकी साफ करायला उतरला होता. आत वायू साचला होता. तो वर आला नाही.

कंपनीचे साहेब नंतर आमच्या केळव्याच्या घरी आले. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "न सांगता उतरला हो. आतून हाक मारली असती तरी ओढलं असतं. त्याने हाकच मारली नाही." चहा मात्र त्यांनी पूर्ण संपवला.

जानूला हार्ड रॉक, हेवी मेटल असलं भारी आवाजाचं संगीत वाजवायचं होतं. बोईसरच्या वसाहतीतल्या मित्रांबरोबर तो मागून आणलेल्या गिटारीवर सराव करायचा. स्वतःची कशी घ्यायची, हे त्याने जेवताना आम्हाला कितीदा ऐकवलं होतं.

"तारांखाली चुंबक असतो, त्यावर तारेची गुंडाळी. एका गुंडाळीची गिटार नुसती धरली तरी घरघरते. जोड गुंडाळीची घ्यायची. आवाज कितीही चढवला तरी गप्प राहते."

माझी बायको हंसा भाकरी थापत म्हणाली, "गप्प राहणारीच पायजे तर गिटार कशाला? बापाला घेऊन जा."

"गप्प म्हंजे, मी वाजवल्याशिवाय बोलायची नाय, आई. पारखायची कशी सांगू? तिच्या पोटाशी तोंड नेऊन बोलायचं. आपलं बोलणं तिला जोडलेल्या भोंग्यातून बाहेर आलं तर ती नको. तिची गुंडाळी मेणात नीट बुडवलेली नसते. आवाज चढवला की किंचाळते."

"आमी मासळीचे कल्ले उचलून बघतो तसं."

"तसंच," जानू म्हणाला.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळे आले, सुरूच्या फांद्यांवर बसले, खाली उतरेनात. मी म्हणालो, हंसाला जपेन. म्हणालो, तुझ्या आजोबांची होडी विकणार नाही. वारा तेवढा सुटला होता. मागून माझी आत्या काशीबाई हळूच म्हणाली, "गिटारीचं सांग त्याला."

चार लोकांत मला लाज वाटली. तरी हात जोडून म्हणालो, "तुला हवी तशीच गिटार घरी आणतो." वाक्य संपायच्या आत कावळा उतरला.

म्हणजे मुलगा आता माझ्या शब्दावर सुटला होता. त्याला हवी तशीच. दुसरी चालणार नव्हती.

रामा ऑर्केस्ट्रातली वाद्यं दुरुस्त करायचा. बोईसरजवळच्या सरावलीतल्या चाळीत त्याची खोली होती. हंसा आणि मी गेलो तेव्हा भर दुपार होती, पण कारखान्यांच्या धुराने ऊन मळकट झालेलं. खोलीत तापलेल्या सोल्डरचा वास कोंडला होता. जानू गेला त्या दिवसापासून हंसाने त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

रामाने काळी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "ही जोड गुंडाळीची, मास्तर. लाकूड जड हाय, सूर टिकतो. तारा ढिल्या करून जाड आवाजात वाजवल्या तरी हलायची नाय. त्याला अशीच पायजे होती. बोलून बघा."

भोंग्याचा आवाज पुरा चढवलेला होता. मी वाकून म्हणालो, "एक, दोन, तीन." भोंगा गप्प राहिला.

मग लाल गिटार. तिच्यापाशीही तेच म्हणालो. माझा आवाज भोंग्यातून आला, पातळ, खूप म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा.

"ही ऐकते," रामा म्हणाला. "भारी वाजवायला बेकार." तो भोंगा बंद करायला बटणाकडे वळला.

"थांब," हंसा म्हणाली. "मला बघू दे."

तिने लाल गिटार जवळ ओढली, पदर सावरला, आणि तारांना ओठ लागतील इतकी वाकली.

"जानू…"

भोंग्यातून तिचं "जानू" आलं. मग घरघर. घरघर थोडी उतरली, कोणी श्वास धरावा तशी.

"ओ…"

आवाज पोकळ होता. मोठ्या लोखंडी भांड्याच्या तळातून यावा तसा.

रामा हसायला गेला. "ट्रकवाल्यांचं वायरलेस असतं, वहिनी. बोईसरला असलं कायबाय पकडतं…"

"कुठं हायस रे?" हंसाने विचारलं.

"ओ… ओ…" ते उत्तर नव्हतं. तो नुसता ओ देत होता. हाक कुठून आली हे कळत नसलेला माणूस जसा पुन्हा पुन्हा ओ देतो, तसा.

रामाने भिंतीतली पिन उपटली. भोंग्यावरचा तांबडा दिवा विझला. मेलेल्या भोंग्यातून, अगदी जवळून आवाज आला, "आलो."

रामाच्या हातात वायर तशीच लोंबत होती.

"मास्तर, काळी बांधून देतो," तो शेवटी म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी हंसाकडे पाहिलं. तिने लाल गिटार उराशी घट्ट धरली होती. कंपनीच्या साहेबांचं वाक्य माझ्या कानात होतं. त्याने हाकच मारली नाही. मी काळी गिटार रामाच्या हातात परत दिली.

काशीबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कावळा शिवला होता, पोरा. तो सुटला होता. आता ओ दिली हाय ना, तर तुमीच त्याला परत जा म्हणून सांगायला पायजे. आईबापानंच. दुसऱ्याचं तो ऐकायचा नाय."

लाल गिटार आतल्या खोलीत आहे. भोंगा आम्ही आणलाच नाही. दुपारी जेवणं झाली की हंसा ती मांडीवर घेऊन बसते आणि हलक्या आवाजात बोलते. मासळीचा भाव काय होता, समुद्र कसा आहे, मी शाळेत कोणावर रागावलो. मी ओसरीवर पेपर उघडून बसतो. मला तिचंच बोलणं ऐकू येतं. मध्येच ती थांबते. समोरच्याचं बोलणं पुरं व्हावं इतका वेळ थांबते, कधी हसते, आणि मग पुढचं बोलते.

परवा ती उठून स्वयंपाकघरात गेल्यावर मी आत गेलो. गिटारीच्या तारा हलत नव्हत्या. लाकडाला हात लावला तर ते ओलं होतं, आणि हाताला टाकी धुवायच्या औषधाचा वास आला.

परत जा, असं आम्ही दोघांपैकी कोणीही त्याला अजून सांगितलेलं नाही.