पुडीतलं रॉकेट

"रस्त्यात पुडीचा कागद वाचत चालू नकोस, हेमा. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर जाशील," आई बजावायची. मी हसून सोडून द्यायची.

आणि त्या संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर मी खरंच एका सायकलवर जाऊन आदळले. चणे सगळे रस्त्यावर. कागद मात्र सोडला नाही.

"लागलं का?" सायकलवाल्याने विचारलं.

"नाही... पण इंधन संपलंय."

"कुणाचं?"

मी कागद पुढे केला. रंगीत चित्रात काचेचा गोल टोप घातलेली एक मुलगी गुरूच्या चंद्राजवळ एकटीच रॉकेट चालवत होती. त्याने खिशातून आपली रिकामी पुडी काढली, मांडीवर सरळ केली. आधीचं पान. इंधन का संपलं, ते त्यावर होतं.

"आमच्या कोलशेतच्या कारखान्यातला साहेब विलायतेला परत गेला," तो म्हणाला. "त्याच्या मुलांची कॉमिक्स रद्दीत गेली असणार."

काळुराम चणेवाला पानं ओळीने फाडून पुड्या बांधायचा. मागच्या गिऱ्हाइकाला पुढचं पान. म्हणून गुरुदत्त — तो सायकलवाला, कारखान्यात नकाशे काढायचा — रोज माझ्या मागे उभा राहू लागला. मग कठड्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही वाचायचो. तेलाचे डाग पडलेले तारे, मिठाचे कण लागलेला शनी... त्या मुलीला कुणी 'दिवेलागणीच्या आत घरी ये' म्हणत नसे. बी.ए.च्या एकाही पुस्तकात अशी मुलगी मला भेटली नव्हती.

"तुम्ही जाल का हो तिच्याबरोबर?"

"चणे मिळणार असतील तर."

"आणि सायकल?"

"ठेवीन कुठेतरी. तुम्ही धडकणार नाही अशा जागी."

एके दिवशी शेवटचं पान त्याच्या पुडीला आलं. त्याने ते घडी करून खिशात टाकलं.

"द्या की."

"शेवट कळला तर उद्या कशाला याल?"

मी पाण्याकडे बघत राहिले. "उद्या तशीही नाही येणार. रविवारी मला बघायला येणार आहेत. तोवर उन्हात जायचं नाही म्हणते आई... रंग रापतो म्हणे."

त्याचं हसू मावळलं. मग त्याने कागद काढून माझ्यासमोर धरला.

"घ्या मग. अर्धवट राहायला नको."

मी कागद घेतला असता, तर सगळंच संपलं असतं.

"नको," मी म्हटलं. "रविवारच्या आत आमच्या घरी घेऊन या."

"तुमच्या बाबांना आवडतात कॉमिक्स?"

"मुळीच नाही. म्हणून तर... तुमच्या आईला बरोबर आणा."

तो शनिवारीच आला. आईसकट.

आता आम्ही डोंबिवलीला असतो. गुरुदत्त — म्हणजे आता 'हे' — रशियाने सोडलेला उपग्रह दिसतो का बघायला छोटीला घेऊन गच्चीवर गेलेत. कधीचे. रॉकेट-रॉकेट करत तिला उंच उडवतात, मला ठाऊक आहे. शेवटच्या पानावर ती मुलगी सुखरूप घरी पोचते, तेही ठाऊक आहे. तरी जीव खालीवर होतोच.

माझे हात कणकेत आहेत. तुम्ही तेवढं वर जाऊन बघता का — कठड्यापासून लांब आहेत ना दोघं? तिच्या डोक्यावर कानटोपी आहे ना? आणि म्हणावं, दिवे लागले... खाली या.