पुसलेला आवाज

हसा, खुशाल हसा. पण ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे, आणि तो माणूस म्हणजे काही रत्न नव्हे. आम्ही त्याला डायरेक्टर म्हणायचो, कारण त्याला तसं म्हटलेलं आवडायचं.

बाजाराच्या मागे एक बंद पडलेला छापखाना होता. तिथली एक खोली वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवायला घेतली होती. टाकून दिलेले कम्प्युटर आणायचे, याचा भाग काढून त्याला लावायचा, त्यात मुक्त सॉफ्टवेअर घालायचं, म्हणजे फुकट वापरा, बदला, वाटा, कुणी विचारणार नाही. आणि त्यावर आपल्या आपण फिल्म करायच्या. काम सोन्यासारखं. राबायचे सगळे, आणि शेवटी नाव झळकायचं ते या आयत्या बिळावरच्या नागोबाचं.

तिथे एक शिलाईवाली मावशी यायची. नवरा नुकताच गेलेला. त्याचा कम्प्युटर तिनं खोलीला दिला, पण सांगून दिला. त्यात त्याचं बोलणं कधीतरी साठवलेलं होतं, तेवढं काढून द्या, मग डबा तुमचा. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. डायरेक्टर म्हणाला, चुटकीसरशी देतो.

आता त्या खोलीची रीत अशी, की जुनं मशीन आलं की आधी डिस्क पुसायची. कुणाचं खाजगी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. चांगलीच रीत. पण हा शहाणा फोनवर कुणाला तरी कलेबद्दल अक्कल शिकवत होता. मशीननं विचारलं, सगळं पुसायचं का? यानं हाताच्या सवयीनं 'हो' दाबलं आणि मोकळा झाला.

चूक कुणाकडूनही होते हो. पण मावशी आली तेव्हा हा म्हणतो कसा, "त्यात काहीच नव्हतं. तुमच्या यजमानांनीच पुसलं असणार." बाई नवऱ्यावर रुसून घरी गेली. गेलेल्या नवऱ्यावर. आणि हा निर्लज्ज चहा पीत बसला.

मग आली मंगळवारची रात्र. दुसऱ्या दिवशी फिल्म दाखवायची होती आणि निवेदन राहिलं होतं. साडेअकराला हा एकटाच खोलीत गेला. चालू स्थितीतलं, मोकळं मशीन होतं ते मावशीचंच. यानं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आपल्याच आवाजावर खूश होत बराच वेळ बोलला. मग लक्षात आलं, माइक जोडलेलाच नाही.

पण पडद्यावरची आवाजाची रेघ हलत होती.

थांबायची. पुन्हा हलायची. कुणी बोलावं तशी.

त्यानं हेडफोन कानाला लावला.

"अगं... दिवा घालव आता. डोळे जातील. उरलेलं उद्या शिव..."

पुरुषाचा आवाज. थकलेला. मायेचा.

त्यानं मशीनचा प्लग उपटला. पडदा काळा झाला.

कानात कुणीतरी श्वास घेतला...

आणि गप्प राहिलं.

वाट बघत.

त्याची बोबडी वळली. लोकांना अडाणी म्हणणारा हा गृहस्थ चपला तिथेच टाकून पळाला.

सकाळी माझ्या मेहुण्यानं, म्हणजे तिथल्या वायरमननं, मशीन लावलं तर त्यात रात्रीच्या रेकॉर्डिंगची एक फाइल. त्यानं सुरुवात ऐकली आणि मावशीला बोलावून घेतलं. तोवर डायरेक्टरही आला. आणि कोडगेपणा बघा, सगळ्यांसमोर म्हणाला, रात्रभर जागून मीच हे परत मिळवलं!

मावशी ऐकत होती. दिवा घालव म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मग फाइलमध्ये बराच वेळ काहीच नव्हतं. मेहुणा बंद करायला गेला, तेवढ्यात दुसरा आवाज आला.

"मावशी... मी पुसलं. त्यांनी नाही. मी खोटं बोललो."

आवाज डायरेक्टरचा. सगळे त्याच्याकडे वळले. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे ह्यांनी नव्हतं पुसलं."

डायरेक्टर आजही शपथेवर सांगतो, ते मी कधी बोललोच नाही. आयुष्यात त्याच्या एवढ्याच बोलण्यावर माझा विश्वास आहे. कबुली देणाऱ्यातला तो नव्हेच.

पण फाइल आहे. आणि आवाज त्याचाच आहे.