बेपत्ता सोळा वॅट

वीस व्होल्ट, दोन अँपिअर. आत जाणारी वीज चाळीस वॅट, बाहेर पडणारी चोवीस. कार्यक्षमता साठ टक्के. उरलेल्या सोळा वॅटची उष्णता व्हायलाच हवी, तिथे कोणाचा वशिला चालत नाही. तंत्रज्ञाने अँप्लिफायरच्या धातूच्या पात्यांना हात लावला. उष्णता बाहेर टाकणारी ती पाती थंडगार होती.

त्याने मीटर बदलला. आकडे तेच आले.

दोन वर्षांपूर्वी धोक्याच्या भोंग्याच्या याच अँप्लिफायरला त्याने पास केलं होतं. घाईत व्होल्ट मोजलेच नव्हते. वीजपुरवठ्याच्या डब्यावर छापलेले सोळा व्होल्ट धरून गणित उरकलं. कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के आली, उष्णता निम्मी, म्हणून पातीही निम्मीच बसवली. गेल्या महिन्यात बॉयलरच्या खोलीत धोक्याचा इशारा देता देता यंत्र तापून गप्प झालं. आत एकटाच माणूस होता, तंत्रज्ञाच्याच धाकट्या बहिणीचा नवरा; तो वाचला नाही.

चौकशीसाठी यंत्र त्याच्याच टेबलावर आलं होतं. चूक दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. ती दाबून टाकायची त्याने मनाशी तयारीही केली होती आणि त्याला स्वतःचीच किळस येत होती.

फोन वाजला. बहीण होती.

"दादा, हसू नकोस हं. ह्यांची खुर्ची गरम लागतेय."

"ऊन आलं असेल."

"आज कुठलं ऊन? आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. अकरापासून."

अकराला त्याने यंत्र चालू केलं होतं. त्याने हळूच बटण बंद केलं.

"अगंबाई, निवायला लागली."

त्याने पुन्हा चालू केलं.

"नाही, आली परत." तिचा आवाज भरून आला. "बरं वाटतंय रे."

त्याला ते सोसवेना. डोळे मिटून तो बोलत सुटला. "ऐक. व्होल्ट मी मोजलेच नव्हते."

"हं."

"पाती कमी बसवली. इशारा माझ्यामुळे बंद पडला."

"हं."

"मी सगळं लिहून देणार आहे."



"हं."

मग फोनमध्ये पावलं वाजली.

"दादा, आहेस ना? बेल वाजली म्हणून दारात गेले होते. फोन ह्यांच्या खुर्चीवरच राहिला. काही म्हणत होतास का?"

त्याने यंत्राकडे पाहिलं.

"खुर्ची पार गार पडलीय बघ. बोल ना, काय सांगत होतास?"

बटण चालूच होतं. त्याच्या उजव्या खांद्यावर, पंजाएवढ्या जागेत, ऊब चढत गेली.