एकाच खुर्चीची कंपनी

किल्ली अर्धी कुलपात आणि अर्धी तिच्या हातात राहिली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आतल्या खोलीतला एसी बंद पडल्याचा निरोप फोनवर येऊन पाच मिनिटं झाली होती. म्हणजे दाराच्या पलीकडे तीन सर्व्हर मशीन तापत होती, आणि अलीकडे ती.

"अगं, लाथ घाल एक!" खालून मावशी ओरडली. मावशीचं खाली शिवणकामाचं दुकान, आणि वरची ही खोली पूर्वी कापडाच्या गठ्ठ्यांची. "नाहीतर थांब. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावते."

तो आला. खांद्याला पिशवी, कानामागे पेन्सिल. दारासमोर गुडघे टेकून बसला आणि कुलपाकडे असा बघत राहिला, जसं काही त्याला दिवसभर दुसरं कामच नव्हतं.

"जरा लवकर... प्लीज," ती म्हणाली. "आत एकसष्ट जण आहेत."

त्याचा हात थांबला. "एकसष्ट माणसं? एवढ्याशा खोलीत?"

"माणसं नाहीत हो! लोकांच्या वेबसाइट, माझ्या मशीनवर ठेवलेल्या. दातांच्या डॉक्टरांची आहे, ड्रायव्हिंग स्कूलची आहे, मधमाश्या पाळणाऱ्या आजोबांची आहे..."

"आणि एका कुलूपवाल्याची," तो दारावरची पाटी वाचत म्हणाला. 'हक्काची जागा – वेब होस्टिंग.' "म्हणजे माझी साइट भाड्याने राहते ती जागा ही होय! कालपासून माझ्या साइटवरचा फॉर्म चालत नाहीये. तुमच्या तक्रार विभागाला लिहिलं. काय गोड बाई आहेत त्या! पण तांत्रिक विभाग... ना नमस्कार, ना चमत्कार. एका ओळीत उत्तर – 'ब्राउझर बंद करून परत उघडा.'"

तिचे कान गरम झाले. एसी बंद होता, पण ते कारण नव्हतं.

"तांत्रिक विभाग म्हणजे... मी."

"अच्छा!" त्याने चिमट्याने तुटका तुकडा हळूच ओढला. "आणि त्या तक्रारवाल्या बाई?"

"त्या... दुसऱ्या ऑफिसात बसतात."

झालं, खोटं बोलून गेली. आता तिची बाजूही ऐका. दीड वर्षापूर्वी मावशीच्या दुकानाची वेबसाइट एका सकाळी गायब झाली होती. ज्या मोठ्या कंपनीकडे ती होती, तिथे फोन केला की एक दाबा, दोन दाबा, चार दाबा, आणि शेवटी गाणं. आठवडाभर माणसाचा आवाज म्हणून ऐकू आला नाही. तेव्हा तिने मनाशी ठरवलं – आपण असा धंदा काढायचा, जिथे फोन उचलायला माणूस असेल. पण शिंपीणबाईच्या माडीवर बसलेल्या एकट्या पोरीवर विश्वास कोण टाकणार? म्हणून तिने चार विभाग काढले. विक्री, तांत्रिक, तक्रार आणि व्यवस्थापन. चारही जागी हीच, फक्त सूर वेगळा. तांत्रिक विभाग तुसडा असावा असं तिला का वाटलं, कोण जाणे!

कुलूप निघालं. दार उघडताच भट्टीसारखी वाफ बाहेर आली. ती धावत आत गेली, खिडकी उघडली, मावशीचा उभा पंखा ओढून मशीनसमोर लावला आणि तिथेच जमिनीवर बसली. एकसष्टच्या एकसष्ट जिवंत होत्या.

तो उंबऱ्याशी उभा राहून खोली बघत होता. एक टेबल, एक खुर्ची, एक कप. मग त्याने नवं कुलूप बसवलं आणि दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"दोन्ही तुमच्या. गिऱ्हाइकाची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम."

"दुसरीचं मी काय करू?"

"ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे ठेवा. पुन्हा अडकलात तर...?"

ती विचारात पडली. मावशी स्वतःचा चष्मा दिवसातून चारदा हरवायची. दुसरी किल्ली खणात गेली.

त्याचा फॉर्म तिने त्याच दुपारी दुरुस्त केला. तरी दुसऱ्या दिवशी तक्रार विभागाला पत्र आलंच. 'फॉर्म चालतो, पण फोटोतलं कुलूप वाकडं दिसतं.' तिने सरळ केलं आणि गोड उत्तर धाडलं. मग तिसरी तक्रार, मग चौथी. 'निळा रंग जरा उदास वाटतो. तुमचं काय मत?' तक्रार विभागाचं मत पडलं की उदास नाही, शांत आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन पत्रं झाली. मधेच कधी तो कोपऱ्यावर दिसायचा. ती मान हलवायची आणि पुढे जायची... तांत्रिक विभागाने हसायचं कसं?

पण खरं सांगायचं तर हसायला अंगात त्राण कुठे होतं! दीड वर्षात सुट्टी म्हणून नाही. फोन उशाशी, फोन ताटाशेजारी, आंघोळीला गेली तरी साबणाच्या शेजारी. कुणाची साइट रविवारी बंद पडते, कुणाचा, सणसणीत ताप चढल्यासारखा, 'तातडीचं' म्हणून निरोप येतो. आरशात बघायचं तिने सोडूनच दिलं होतं.

अशात त्या सोमवारी एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. तुमची सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे द्या, तुम्हीही नोकरीला या. ठरलेल्या वेळा, रविवारी सुट्टी. उत्तर शुक्रवारपर्यंत. तिने ते पत्र इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. हो म्हटलं तर झोप मिळणार होती. पण मधमाश्यावाले आजोबा मावशीसारखे एक दाबा, दोन दाबामध्ये अडकणार होते.

"घे की नोकरी," मावशी टाके घालता घालता म्हणाली. "त्या डब्यांना जपतेस त्याच्या निम्मं स्वतःला जप."

बुधवारी दाराची बिजागरी कुरकुरायला लागली. तो तेलाची बुधली घेऊन आला. ती दाराला टेकून त्याच्याशी काहीतरी बोलत होती... काय बोलत होती ते नंतर तिला आठवेना. डोळे उघडले तेव्हा तो तसाच पायरीवर बसलेला, बुधली हातात, बिजागरीला तेलाचा थेंब नाही.

"झालं?" तिने गडबडीने विचारलं.

"नाही. उद्या-परवा येतो," तो म्हणाला आणि निघून गेला.

गुरुवारी तक्रार विभागाला पत्र आलं.

'तुमच्या तांत्रिक विभागातल्या बाई फार दमल्या आहेत. काल बोलता बोलता उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला. दार हलवलं असतं तर आवाज झाला असता, म्हणून मी काम थांबवलं. त्यांना रजा द्या. त्या स्वतः मागणार नाहीत, तशातल्या नाहीत. आणि तुम्हाला माहीत नसेल म्हणून कळवतो – त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलंय, तरी त्या हसल्या की खोली बदलते. हसतात मात्र फार कमी. ही तक्रार समजावी.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग टेबलावर डोकं ठेवून ती रडली, चांगली हुंदके देऊन. दीड वर्षात एकसष्ट जणांनी तिला विचारलं होतं, साइट कशी आहे. ती कशी आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

डोळे पुसून तिने उत्तर लिहिलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. संबंधितांशी बोलू. आणि दार अजून कुरकुरतंय, उद्या सकाळी याल का?' पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं. तिने कपाळावर हात मारला. दुसऱ्या ऑफिसातल्या तक्रारवाल्या बाईंना या दाराची कुरकुर कुठून ऐकू येणार होती?

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'येतो. तक्रार विभागाचं दारही तेच निघालं म्हणायचं.'

शुक्रवारी सकाळी तो आला. काखेत घडीचं स्टूल.

"हे कशाला?" तिने विचारलं. नजर जमिनीवर.

"बसायला. तुमच्याकडे खुर्ची एकच. चार विभाग... बाकीचे तीन उभ्याने काम करतात होय?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी..."

"पहिल्याच दिवशी."

"मग लिहीत का राहिलात?"

"तक्रार विभाग उत्तरं देत होता ना!" तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "दुसरीपासूनच्या सगळ्या तक्रारी खोट्या होत्या. फोटोतलं कुलूप मीच वाकडं केलं होतं. शेवटची तेवढी खरी... मला तुम्ही आवडता. दोन्ही विभाग. तुसडा जरा जास्तच."

तिने मोठ्या कंपनीचं पत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्याने सावकाश वाचलं.

"मी काय सांगणार? धंदा तुमचा," तो म्हणाला. "फक्त एक विचारतो. तुम्हाला हा धंदा नकोसा झालाय... की एकटीने करणं नकोसं झालंय?"

पंखा फिरत होता. खाली मावशीचं मशीन थांबलं होतं, म्हणजे मावशी कान देऊन होती. ती खुर्चीवर बसली आणि एकसष्ट जणांना एकच पत्र लिहायला लागली. 'आमच्याकडे चार विभाग नाहीत. मी एकटी आहे. लपवलं, त्याबद्दल माफी मागते. यापुढे फोन नऊ ते सहा, रविवारी बंद. ज्यांना जायचं असेल त्यांची साइट मी स्वतः नीट हलवून देईन.' बोट बटणावर थबकलं. सगळे गेले तर...? तिने डोळे मिटून दाबलं.

दुपारपर्यंत ड्रायव्हिंग स्कूल गेलं. आणखी दोघे गेले. बाकीच्यांनी 'ठीक आहे' एवढंच कळवलं, काहींनी तेवढंही नाही. मधमाश्यावाल्या आजोबांचं पत्र तेवढं मोठं होतं. 'पोरी, मला ठाऊक होतं. गेल्या थंडीत चारही विभागांना एकच खोकला झाला होता.'

ती हसली. मोठ्याने, डोक्यापासून पायापर्यंत. मग कंपनीला नकार लिहिला, खण उघडला आणि दुसरी किल्ली त्याच्यापुढे धरली.

"नियम आहे," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकाची किल्ली ठेवत नाही आम्ही."

"गिऱ्हाइकाची नाहीये," ती म्हणाली. "माझी आहे. घे ना..."

त्याने ती घेतली. दुकानाच्या जुडग्यात घातली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि बिजागरीला एकदाचं तेल घातलं.

तिला खूप बोलायचं होतं. दीड वर्षाचं साचलेलं. पण खुर्चीत पाठ टेकली मात्र, आणि पापण्या मिटल्या. झोपेच्या काठावर तिला फोन वाजलेला ऐकू आला. सवयीने हात पुढे गेला, पण फोन जागेवर नव्हता. स्टूल सरकल्याचा बारीक आवाज झाला आणि मग तो कुजबुजला, "नमस्कार, हक्काची जागा. तांत्रिक विभाग आज रजेवर आहे... मी तक्रार विभाग बोलतोय."