फियाटचं अ‍ॅव्हरेज

यंदा, दोन हजार एक साली, आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या. एकट्या अनिरुद्धने चौसष्ट सालची फियाट घेतली. तिचा कार्बोरेटर पार गेलेला. खडकीत माझं जुने कार्बोरेटर दुरुस्त करायचं दुकान. जुन्या बाजारातून एक बेवारस कार्बोरेटर उचलला, धुतला, जेट-वॉशर नवे टाकले आणि बसवून दिला. पहिल्या फटक्यात गाडी चालू.

पोरगं खूश. रोज पार्किंगमध्ये मला अ‍ॅव्हरेज सांगायला लागलं. आता असं गिऱ्हाईक हाताशी आल्यावर मी गप्प बसणार होय? सकाळी दूध आणायला जाताना गुपचूप त्याच्या टाकीत लिटरभर पेट्रोल ओतायला लागलो. लिटरला वीस झालं, मग तीस. अनिरुद्ध ऑफिसात आकडे सांगत सुटला. माझा बेत असा, की थोड्या दिवसांनी ओतणं थांबवायचं, मग उलटं काढून घ्यायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

ओतणं थांबवलं. अ‍ॅव्हरेज पडलं नाही.

टाकीत काडी घालून ओल कुठवर येते ते बघितलं. तो बायको-पोरीला घेऊन लोणावळ्याला जाऊन आला, मी पुन्हा काडी घातली. ओल त्याच खुणेपर्यंत. म्हणजे माझ्याच खेळात मला कोणीतरी गंडवत होतं. वॉचमन संपतला चहा पाजला, खोदून खोदून विचारलं.

तो कप खाली ठेवत म्हणाला, "काका, त्या टाकीपाशी तुमच्याशिवाय कुणी जात नाय."

त्याच सुमारास अनिरुद्धच्या पँटला कमरेवर चुण्या दिसायला लागल्या. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक. त्याची बायको शर्मिला जिन्यात भेटली. म्हणाली, डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघत नाही, आणि जेवतो तर दोघांचं. बोलताना तिच्या बांगड्या मनगटावरून खाली घसरत होत्या. शेजारी उभ्या ऋतुजाच्या फ्रॉकचा गळा खांद्यावरून उतरला होता. शनिवारी तिघं गणपतीपुळ्याला निघणार होते. फियाटने.

मी अनिरुद्धला गाठून सगळं सांगून टाकलं. पेट्रोल, काडी, संपत.

तो हसून लोळायचा बाकी. "काका, माझ्या डब्यात रबराची पाल कोणी टाकली होती? आता नाही फसायचा मी."

बरोबर होतं त्याचं. त्याच्या जागी मीही नसता विश्वास ठेवला.

मग थाप मारली. लांबचा प्रवास आहे, एकदा तपासून देतो म्हटलं आणि गाडी खडकीला आणली. वाटेत इंजिन कुठे अडखळलं नाही. दुकानासमोर बंद केलं, लगेच बॉनेट उघडून कार्बोरेटर काढला. त्याच्या वाटीत कायम पेट्रोल साठलेलं असतं. नुकती थांबलेली गाडी, वाटी भरलेली हवी.

तळाशी धूळ होती. बोटाने रेघ ओढता आली.

स्क्रू गोळा करताना हातातलं घड्याळ मध्ये मध्ये येत होतं. वर सारलं तर कोपरापर्यंत गेलं.

ते घड्याळ काढायला मला साबण लागायचा.

अनिरुद्धला सांगितलं, पार्ट तुटलाय, दुसरा मिळत नाही. ते एसटीने गेले. कार्बोरेटर फेकून द्यायला निघालो, पण भंगारात पडला की कोणीतरी उचलणारच. मी उचललाच ना. कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

परवा अनिरुद्ध दुकानात आला. गाल भरलेले. ऋतुजा बाकावर उड्या मारत होती, बाक कुरकुरत होता.

"चेष्टा पुरे काका. आमचा कार्बोरेटर द्या आता."

मिळत नाही म्हटलं ना, मी म्हणालो.

त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. "तुम्ही डाएट करताय का?"

फियाट दुकानाच्या दारात उभी आहे. कार्बोरेटर कपाटात आहे, कशालाही न जोडलेला. घड्याळजीने माझ्या घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्या काढून दिल्या होत्या. आज पुन्हा त्याच्याकडे जायचंय.