अण्णांचा खोकला

निपाणी स्टँडवर बस सुटता सुटता एक तरुण धावत चढला, आणि त्याच्या काखेतली कागदाची गुंडाळी सुटून थेट माझ्या मांडीवर उलगडली. मी खाली पाहिलं... आणि डोळे गच्च मिटले. कागदावर बाईचं आख्खं शरीर काढलेलं होतं, आतल्या सगळ्या भागांसकट.

"आहो, मी तसला माणूस न्हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "सरकारी हाय."

मागची म्हातारी फिस्सकन हसली. नाव सायलस, नोकरी आरोग्य खात्यात, काम गावोगाव जाऊन बाळंतपण आणि कुटुंब नियोजन समजावून सांगायचं – हे सगळं त्यानं संकेश्वर यायच्या आत सांगून टाकलं. मी खिडकीबाहेर बघत होते. कान मात्र आतच होते.

"तुम्ही शाळेत शिकवता काय?"

"कशावरून?"

"मला वर्गाबाहेर उभं केल्यागत बघताय, म्हणून म्हटलं."

मला हसू आलं. ते त्याला दिसलं, हीच माझी चूक.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. मी तेवीस वर्षांची, बेळगावातल्या शहापूरच्या शाळेत शिक्षिका. फुलाचे भाग फळ्यावर काढून दाखवायची, पण स्वतःच्या शरीराबद्दल धड काही ठाऊक नव्हतं. आमचं घर प्रार्थनेचं, माझे वडील, अण्णा, चर्चचे पंच. संध्याकाळी ते शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत, एकही ओळ न गाळता – म्हणजे असं ते म्हणत. नवरा-बायकोच्या प्रेमाचं काही आलं की त्यांना खोकला येई, आणि खोकला थांबेपर्यंत दोन पानं उलटलेली असत.

माझी थोरली बहीण, रूथआक्का, लग्नानंतर चौथ्या दिवशी सासरहून एकटीच परत आली. "मला कुणी काहीच का सांगितलं न्हाय गं आई?" एवढंच म्हणाली. आई म्हणाली, "प्रार्थना कर." आठवड्यानं अण्णा तिला पोचवून आले. पुढं तिचं बरं चाललं, पण मी त्याच दिवशी ठरवून टाकलं – लग्न नको.

आणि सायलसची बेळगावला बदली झाली. ती त्यानं मागून घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं. दर रविवारी आमच्याच चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला बसून तो बेसूर गायचा आणि वरचा सूर आला की माझ्याकडं बघायचा. मीही बघायचे... गाण्याच्या वहीआडून. सहा महिन्यांनी पाळकांनी त्याचं स्थळ आणलं. घर खूश. मी नाही म्हटलं, आणि रात्रभर रडले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर चिंचेखाली, चारचौघांच्या देखत पण जरा बाजूला उभं राहून त्यानं विचारलं, "माझ्यात काय खोट हाय?"

"तुमच्यात न्हाय ओ. मला... भीती वाटते. काय असतं, कसं असतं, मला काहीच माहीत न्हाय. आणि विचारायचं कुणाला?"

तो हसला नाही. यासाठी मी त्याची आजही ऋणी आहे.

"सांगायचं तर माझं कामच हाय," तो हळू म्हणाला. "पण तुम्ही ते बाईमाणसाकडनं ऐकावं. आमच्या दवाखान्यातल्या नागुबाई सिस्टर येतील, तो बसमधला तक्ता घेऊन. आधी ऐका, मग व्हय म्हणा, न्हाय म्हणा. न्हाय म्हणालात तरी तक्ता परत मागणार न्हाय."

शनिवारी अण्णा अनगोळला प्रार्थनेला गेले होते, तेव्हा नागुबाई आल्या. स्वयंपाकघरात तोच तक्ता उलगडला, आणि भाकरी कशी थापायची ते सांगावं तितक्या सरळ त्यांनी सगळं सांगितलं. "आणि मन नसंल तर न्हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला सुदीक."

दाराशी आई तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"सिस्टर... ते दुखायला नको असतं व्हय?"

"न्हाय ओ आक्का."

सहा मुलांची आई माझी. तिनं सूप बाजूला सरकवलं. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला बी दाखवा." इतकी वर्षं मी तिच्यावर मनातून रागावले होते. तिनं काही लपवलं नव्हतं. तिच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

रविवारी मी सायलसला म्हटलं, "तुमचा तक्ता परत न्या."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... न्हाय?"

"म्हणजे... तक्त्यामागोमाग मीही येणार."

त्या दिवशी तो इतका बेसूर गायला की पाळकही मान वर करून बघायला लागले.

लग्नाच्या आठवड्यात अण्णांनी त्याला संध्याकाळच्या प्रार्थनेला बोलावलं. शास्त्र उघडलं. वधू-वराच्या प्रीतीचा अध्याय आला, आणि अण्णांच्या घशात खोकला सुरू झाला.

"अहो," आई खाली मान घालूनच म्हणाली, "आज खोकू नका."

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग कानाच्या पाळ्या लालबुंद होईपर्यंत त्यांनी तो अध्याय वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी मनातल्या मनात आभार मानत होते – देवाचे, नागुबाईंचे, समोर मान खाली घालून बसलेल्या त्या सरकारी माणसाचे. आई मात्र अण्णांकडं बघत होती. वाचून झालं तेव्हा पहिलं 'आमेन' तिचं होतं.