इच्छाकाक

कृष्णेच्या घाटावरचे खरे कावळे नाहीसे झाले, तरी माणसांचं मरणं काही थांबलं नव्हतं. मग दहाव्याला पिंडाला शिवायला इच्छाकाक आले. हलके, काळे, बॅटरीवर उडणारे. गेलेल्याचा फोन त्यांना जोडून द्यायचा. फोनमधलं सगळं लिहिणं-बोलणं चाळून त्याची राहिलेली इच्छा हा यंत्रपक्षी शोधून काढायचा आणि नातलगांनी नेमकं तेच वचन दिलं की पिंडावर उतरायचा. लोकांना हे पटलं होतं. दुःखात माणसाला काय पटत नाही?

केतकी आणि निनाद यांचा एकुलता एक मुलगा मल्हार डोंगरात दरडींचा अभ्यास करायचा. त्यातल्याच एका दरडीखाली तो गेला. न विचारता शिक्षण बदललं, न विचारता घर सोडलं. विचारून काही करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

मल्हारच्या दहाव्याला ऊन चढलं, पिंडाचा भात सुकायला लागला, तरी इच्छाकाक कट्ट्यावरून हलेना.

"तुझ्या कुत्र्याला आम्ही सांभाळू रे," निनाद हात जोडून म्हणाला. "तुझं राहिलेलं काम तुझे मित्र पुरं करतील." कावळा ढिम्म.

शेवटी विधी सांगणाऱ्या वैद्य गुरुजींनी इच्छाकाकाला जोडलेला हातातला पडदा पाहिला. "त्याला घरी परत यायचंय म्हणे. तुम्ही नुसतं 'ये' म्हणा. कंपनी त्याचा आवाज घरात आणून देते. अगदी त्याच्यासारखा बोलतो."

"आणि नको झाला तर?" केतकीने विचारलं.

"बंद नाही करता येत, ताई. दिलेलं वचन असतं ते."

निनादने तोंड उघडलं, तशी केतकीने त्याचं मनगट धरलं. "थांब. गुरुजी, हे यंत्राने कशावरून ठरवलं?"

गुरुजींनी पडदा पुढे केला. त्यावर मल्हारच्या फोनमधल्या ओळी होत्या: घरी ये रे. एकदा ये. कसाही ये. मल्हार गेल्यापासून त्याच्या नंबरवर केतकी स्वतःच हे लिहीत होती. यंत्राने ते सगळं मल्हारच्या नावावर घातलं होतं.

"ही त्याची इच्छा नाही," ती म्हणाली. "माझी आहे. आणि ती मी मागे घेते."

"केतकी, आवाज तरी ऐकू दे गं मला!" निनाद रडायलाच लागला.

"मलाही ऐकायचाय. जीव तुटतो माझा. पण जिवंतपणी जो चार भिंतींत राहिला नाही, त्याला मेल्यावर कोंडू? नाही. गुरुजी, पूर्वी कावळा शिवला नाही तर काय करायचे?"

"दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववायचे."

"द्या दर्भ."

तिने वळलेला कावळा झाला वेडावाकडा, चिमणीसारखा. निनादने डोळे पुसले आणि तिच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून तो पिंडाला शिववला.

ती दोघं पायऱ्या चढू लागली, तेव्हा मागून आवाज आला. तोच, थोडा घोगरा, शब्द ओढून बोलणारा.

"आई, मी येऊ?"

निनाद जागीच थिजला. केतकी मात्र वळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती. कट्ट्यावरच्या त्या काळ्या यंत्राकडे बघत ती म्हणाली,

"माझा मल्हार असतास, तर मला विचारलं असतंस होय रे?"